पाच महिन्यांसाठी परदेशी शिकायला जाताना: काय नेलं नाही, काय उगाच नेलं?

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

एका सत्रासाठी, म्हणजे साधारण पाच महिने, परदेशातल्या विद्यापीठात जातेय. विद्यार्थी अदलाबदलीचा कार्यक्रम आहे, सत्र संपलं की परत. विमानकंपनीने २३ किलोची एक बॅग आणि हातातलं ७ किलो दिलंय. आईने केलेल्या यादीची काल रात्री बेरीज केली, ती ४१ किलो झाली. त्यात चपला-बूट अजून धरलेले नाहीत.

नेटवर याद्या ढिगाने आहेत आणि त्यातल्या निम्म्या बॅगा विकणाऱ्यांनी लिहिलेल्या आहेत, त्यामुळे यादी नकोय. दोनच गोष्टी सांगा. कोणती वस्तू नेली नाही म्हणून पस्तावलात? आणि कोणती नेली आणि घडीही न मोडता परत आणलीत?

देश मुद्दाम लिहीत नाही. लिहिला की चर्चा तिथल्या घरभाड्यावर जाते, हा इथला अनुभव.

उंटावरचा_शहाणा

देश नाही सांगितला तर मी एवढंच सांगू शकतो की छत्री न्या. किंवा नेऊ नका.

मधली_सुट्टी

पस्तावले ती वस्तू: दुसरा चष्मा.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या चष्म्याची काडी तुटली आणि एक काचही गेली. नंबर पाठ नव्हता, कागद घरी. तिथे नव्याने डोळे तपासून घ्यावे लागले, त्याची वेळ मिळेपर्यंत आठवडा, चष्मा हातात पडेपर्यंत आणखी एक. तोपर्यंत मी चिकटपट्टी लावलेल्या एका काचेतून पहिल्या बाकावर बसून फळा वाचत होते. प्राध्यापकांचा समज झाला की मुलगी फार अभ्यासू आहे, आणि पुढचं अख्खं सत्र तो समज निभवावा लागला.

तेव्हा दोन चष्मे न्या आणि नंबर लिहिलेल्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तिचा नंबर वेगळा लिहून घ्या. चष्म्याचा आणि लेन्सचा नंबर एकच असतो असं नाही.

न वापरलेली वस्तू: अकरा पुस्तकं. दोन उघडली. बाकी नऊ तिथल्या ग्रंथालयात माझ्या खोलीपासून चार मिनिटांवर होती, वर नवी आवृत्ती. येताना तीच नऊ पुस्तकं बॅगेत भरताना मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका.

जुनी_जाणती

मी आईच्या बाजूने बोलणार आहे, चालेल ना?

आमचे चिरंजीव असेच 'तिथे सगळं मिळतं' म्हणत एका पाठपिशवीवर गेले. मिळतं सगळं, खरंच आहे. पण विमान उशिरा उतरलं, हॉस्टेलची किल्ली मिळेपर्यंत रात्रीचे साडेअकरा, दुसऱ्या दिवशी रविवार आणि दुकानं बंद. खोलीत काय, तर उघडी गादी आणि भिंत. पोरगा जॅकेट पांघरून, बुटाची पिशवी उशाला घेऊन झोपला. मला हे सहा महिन्यांनी कळलं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की पाच महिन्यांची तयारी करू नका, पहिल्या रात्रीची करा. एक पातळ चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल, साबण, दात घासायचं सामान, एक कपड्यांचा जोड, रात्रीपुरतं खायला काहीतरी कोरडं. हे सगळं हातातल्या बॅगेत. मोठी बॅग आली तर आली.

आणि यादी ४१ किलोची झाली म्हणून आईला हसू नकोस. तिने ती रात्री जागून केली असणार.

आळशी_कासव

पहिल्या रात्रीच्या पिशवीला +१. त्यात टॉयलेट पेपरचा एक रोल टाका. का ते विचारू नका.

उंटावरचा_शहाणा

का?

आळशी_कासव

विचारू नका म्हटलं ना.

शॉर्ट_सर्किट

देश न सांगताही विजेचं अर्धं उत्तर देता येतं. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 'इनपुट' लिहिलेलं असतं ते वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर जगात कुठेही जा, पिनांचा आकार जुळवणारा अडॅप्टर पुरेसा आहे. फोन, कॅमेरा, लॅपटॉप यांचे चार्जर हल्ली असेच येतात.

घोटाळा होतो तो गरम होणाऱ्या वस्तूंचा. हेअर ड्रायर, केस सरळ करायचं यंत्र, पाणी तापवायची कॉइल. त्यांच्यावर बहुधा एकच आकडा असतो. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, जपानमध्ये १००. २३० वाला ड्रायर १२० वर लावलात तर त्याची ताकद जवळपास चौथ्या हिश्श्यावर येते, केसांवर कोमट फुंकर मारत बसतो. उलट केलंत, १२० वाला ड्रायर युरोपात २३० वर लावलात, तर आधी वास येतो, मग धूर येतो, मग इमारतीचा अलार्म वाजतो आणि रात्री दोन वाजता सगळं हॉस्टेल पायजम्यात खाली उभं राहतं. हे ऐकीव नाही, मी त्या रांगेत होतो. (ड्रायर माझा नव्हता. मला केस नाहीत.)

अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, फक्त पिना बदलतो. हे वाक्य बॅगेवर लिहून ठेवा.

पिनांचं म्हणाल तर युरोपात बहुतेक ठिकाणी दोन गोल. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग इथे तीन चौकोनी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तिरक्या चपट्या. अमेरिका आणि जपानमध्ये सरळ चपट्या. स्वित्झर्लंड आणि इटली यांची तिसरी पिन आपापल्या मनाची. आता ताई देश सांगत नाहीत म्हटल्यावर यातलं एक निवडा.

आळशी_कासव

मी एकच अडॅप्टर आणि घरचा चार खाचांचा बोर्ड नेला होता. एका अडॅप्टरवर चार चार्जर.

शॉर्ट_सर्किट

चार्जरपुरतं ठीक आहे. त्याच बोर्डावर किटली किंवा हीटर लावलात तर नाही. आणि आधी हॉस्टेलचे नियम वाचा, पुष्कळ ठिकाणी बाहेरचे बोर्ड आणि गरम होणाऱ्या वस्तू खोलीत चालत नाहीत. तपासणीला आले की उचलून नेतात.

उंटावरचा_शहाणा

अवांतर: जपानात अर्ध्या देशात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि अर्ध्यात ६०, हे खरं का?

शॉर्ट_सर्किट

खरं. पूर्वेकडे, म्हणजे टोकियो वगैरे, ५० आणि पश्चिमेकडे ओसाका वगैरे ६०. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन. तेव्हा कुणी एकमेकांना विचारलं नाही, ते आजतागायत निस्तरताहेत. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेत वीज कमी पडली तेव्हा पश्चिमेकडची हवी तितकी पाठवता येईना, कारण मध्ये वारंवारता बदलणारी केंद्रं मोजकीच.

नेमका_प्रश्न

ताईंनी बॅगेत काय भरायचं ते विचारलंय. विद्युत जनित्र २३ किलोत बसत नाही.

वजनकाटा

विमानतळाच्या काउंटरवर सहा वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझा आयडी योगायोग नाही.

१) २३ किलोत रिकाम्या बॅगेचं वजन धरलेलं असतं. कडक कवचाची मोठी बॅग स्वतःच ४-५ किलोची असते. लोक सुंदर बॅग घेतात आणि १८ किलो सामान नेतात.

२) लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज बहुतेक ठिकाणी १५८ सेंटिमीटरच्या आत लागते. चाकं आणि मूठ धरून.

३) जादा वजनाचे पैसे भरले तरी एका बॅगेत ३२ किलोच्या वर सहसा घेत नाहीत. ती मर्यादा उचलणाऱ्या माणसाच्या पाठीसाठी आहे, तिथे तुमच्या पाकिटाचा संबंध नाही.

४) पॉवर बँक मोठ्या बॅगेत कधीच नाही, हातातल्याच. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते. हिशोब सोपा: मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७, भागिले हजार. म्हणजे २०,००० वाली ७४ वॉट-तासांची, बिनधास्त न्या.

५) हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. विमान भरलेलं असलं की दारातच हातातल्या बॅगा काढून घेतात आणि खाली सामानात टाकतात. अशा वेळी आधी पॉवर बँक, औषधं आणि कागदपत्रं बाहेर काढायची. ती एका छोट्या पिशवीत वरच ठेवलेली असतील तर दहा सेकंदांचं काम. नाहीतर मागे रांग लागलेली असताना सगळं प्रदर्शन मांडावं लागतं.

६) हातातल्या द्रव पदार्थांचा १०० मिलीचा नियम बाटलीच्या आकाराला आहे. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी बोटभर उरलंय हे कारण चालत नाही. २००६ पासून वाद घालणारे मी पाहिलेत, जिंकलेलं कुणी पाहिलं नाही. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे हा नियम सैल झालाय, पण विमान बदलायचं ठिकाण जुन्या पद्धतीचं असलं तर तिथे बाटली जाते.

टोपणनाव_सुचेना

हवा काढून घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घ्या! माझे सगळे स्वेटर पापडासारखे चपटे झाले होते.

वजनकाटा

घ्या, पण त्या जागा वाचवतात, वजन नाही. उलट जागा झाली म्हणून माणूस आणखी चार वस्तू कोंबतो आणि काउंटरवर माझ्यासमोर बॅग उघडून बसतो.

घरी वजन करायचं तर आधी बॅग घेऊन काट्यावर उभं राहा, मग नुसतेच उभे राहा आणि वजाबाकी करा.

उंटावरचा_शहाणा

ही पद्धत धोकादायक आहे. बॅगेचं वजन बरोबर निघालं, पण वजाबाकीतला दुसरा आकडा घरच्यांनी पाहिला.

पांढरा_कोट

औषधविक्रेता आहे, म्हणून औषधांपुरतंच बोलतो.

नेहमीचं औषध चालू असेल तर ते मूळ पाकिटात किंवा पट्टीतच न्या. डब्यांत सुट्या गोळ्या ओतून नेऊ नका. सोबत डॉक्टरांची सही असलेली इंग्रजी चिठ्ठी, आणि तिच्यात कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं नाव हवं. एकाच औषधाला कंपन्या देशोदेशी वेगवेगळी नावं देतात. आणि कधी मूळ नावही बदलतं: पॅरासिटामॉलला अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. दोन्ही नावं लिहून घ्या.

किती न्यायचं? 'पाच महिन्यांचं' हे उत्तर सगळीकडे चालत नाही. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापेक्षा जास्त न्यायची तर आधी तिथल्या सरकारकडून आयातीचा दाखला घ्यावा लागतो. अ‍ॅम्फेटामिन असलेली, लक्ष केंद्रित होण्यासाठी देतात ती औषधं तर तिथे चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, त्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं की तीही बंद. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनला संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते. तेव्हा देश आम्हाला सांगू नका, पण त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर जाऊन तुमच्या औषधाचं नाव शोधाच.

आणखी एक. लसीकरणाच्या नोंदी शोधून ठेवा. गोवर-गालफुगी-रुबेला या लसीच्या दोन मात्रांचा पुरावा पुष्कळ विद्यापीठं मागतात, आणि तो लहानपणीचा कागद कुठल्या कपाटात आहे हे फक्त आईला माहीत असतं.

निघण्याआधी दात तपासून घ्या. विद्यार्थ्यांच्या विम्यात दात बऱ्याचदा नसतात. दाढ मात्र परीक्षेच्या आठवड्यातच दुखते.

जुनी_जाणती

शेवटची ओळ चौकटीत घाला. आमच्याकडे हेच झालं.

मधली_सुट्टी

पांढरा_कोट, एक शंका. जखमेचं मलम, तापाच्या गोळ्या असं साधं सगळं न्यावं का? मी अख्खी पेटी नेली होती आणि मजल्यावरची मुलं मला डॉक्टर म्हणायला लागली.

पांढरा_कोट

पहिल्या दोन आठवड्यांपुरतं न्या. जागा, पाणी, झोप सगळं बदललेलं असतं, कोणीतरी पहिल्याच आठवड्यात आजारी पडतो, आणि ताप असताना अनोळखी गावात औषधाचं दुकान शोधत फिरणं वाईट. दोन आठवड्यांनंतर तिथलंच घ्या. आणि प्रतिजैविकं 'असू देत जवळ' म्हणून नेऊन मनाने घेऊ नका.

टोपणनाव_सुचेना

कपड्यांचं कुणीच काही म्हटलं नाही? मी म्हणते जाड कोट इथून नेऊच नका. तिथली थंडी तिथल्याच दुकानदाराला कळते. मी उबदार म्हणून नेलेला कोट वाऱ्यात चाळणीसारखा निघाला.

तळ्यात_मळ्यात

असहमत. सत्र कधी सुरू होतंय त्यावर आहे. सप्टेंबरमध्ये उत्तर गोलार्धात उतरलात तर कोट घ्यायला दोन महिने हाताशी असतात, तोवर हवाही कळते. पण जानेवारी-फेब्रुवारीत उतरलात तर विमानतळाच्या दारातच कोट लागतो, दुकान कुठे शोधणार? दक्षिण गोलार्धात सगळं उलटं: ऑस्ट्रेलियातलं फेब्रुवारी-मार्चचं सत्र उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतं आणि हिवाळ्यात संपतं. माझी एक मैत्रीण जुलैच्या सत्राला टी-शर्टांवर उतरली होती, 'ऑस्ट्रेलिया म्हणजे ऊन' असं डोक्यात पक्कं. मेलबर्नने तिला रीतसर कुडकुडवलं.

एका जाड कोटापेक्षा थर बरे. आत अंगालगत बसणारं पातळ लोकरीचं, मध्ये ऊब धरणारं काही, वर वारा-पाऊस अडवणारं. तिन्ही वेगळे वापरता येतात, खोलीत हीटिंग असलं की दोन काढता येतात. सुती बनियन घामाने ओलं झालं की थंड पडतं आणि वाळत नाही, म्हणून आतला थर सुती नको.

टोपणनाव_सुचेना

थर मान्य. पण कोटाचं माझं म्हणणं मागे घेत नाही.

वजनकाटा

ज्याला कोट न्यायचाच आहे त्याने तो अंगावर घालून यावं. सगळ्यात जड बूटही पायातच. कोटाचे खिसे कुणी मोजत नाही. (हे मी काउंटरमागे असताना म्हटलं नसतं.)

गणिताचे_सर

बुटांवर बोलायचं तर तीन जोड पुरतात: पायातले, न्हाणीघरातल्या रबरी चपला, आणि एक पाण्यात चालतील असे. सामाईक न्हाणीघर असेल तर रबरी चपला विसरू नका, बुरशी लागायला वेळ लागत नाही. औपचारिक बूट मी नेले होते. पाच महिन्यांत एकदा घातले, तेही धुतलेले बूट वाळले नव्हते म्हणून.

कपडे किती, याचा हिशोब महिन्यांवर नाही, धुण्यावर करा. आठवड्यातून एकदा धुणार असाल तर दहा दिवसांचे कपडे लागतात, सत्र पाच महिन्यांचं असो वा पन्नास. ४१ किलोंचा उगम इथेच असणार.

नेमका_प्रश्न

सर, हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं.

खिडकीपाशी

सरांच्या प्रतिसादानंतर कपड्यांचा ढीग परत मोजला. बावीस टॉप होते. आता नऊ आहेत. पुस्तकं चारवरून शून्यावर (मधली_सुट्टी, तुमची नऊ पुस्तकं डोळ्यांसमोर आली). दुसऱ्या चष्म्याची ऑर्डर दिली.

आईने हा धागा वाचला. जुनी_जाणती ताईंना नमस्कार सांगितलाय आणि मला सांगितलंय की 'बघ, शहाणी माणसंही आहेत तिथे'. लसीचा कागद खरोखर तिलाच माहीत होता.

एकूण २९ किलोवर आलेय. कागदपत्रं आणि फोन-पैशांचं कुणी सांगाल का?

भटकभवानी

ही माझी जखम आहे, त्यामुळे जरा लांबेल.

उतरल्या उतरल्या तिथलं सिम घेतलं, घरचं सिम काढून कागदात गुंडाळून ठेवलं. तो कागद मी चार दिवसांनी कचरा म्हणून टाकला. मग हॉस्टेलची रक्कम भरायला बँकेचं ॲप उघडलं, त्याने ओटीपी घरच्या नंबरावर पाठवला. नवीन सिमसाठी स्वतः येऊन सही करा, असं फोनकंपनीवाले म्हणाले. बँक म्हणाली नंबर बदलायचा तर शाखेत या. ईमेलने सांगितलं नवीन ठिकाणाहून उघडताय, ओटीपी टाका. तीन आठवडे मी मैत्रिणीच्या उधारीवर जगले. पैसे होते, पण काचेच्या पलीकडे.

तर घरचा नंबर चालू ठेवा, परदेशात संदेश येतील इतपत सेवा निघण्याआधी सुरू करून घ्या. फोन दोन सिमवाला किंवा ई-सिमवाला असेल तर उत्तम, आणि तो एखाद्या कंपनीला बांधलेला नाही ना ते पाहा. ईमेलचे 'बॅकअप कोड' (ओटीपी येत नसेल तेव्हा वापरायचे) मिळतात, ते कागदावर छापून पासपोर्टपासून वेगळ्या जागी ठेवा. बँकेची कार्डं दोन, दोन वेगवेगळ्या नेटवर्कची (व्हिसा, मास्टरकार्ड अशी), एक पाकिटात आणि एक बॅगेत.

कागद: पासपोर्ट, प्रवेशपत्र, विम्याचं पत्र, राहण्याच्या जागेचं पत्र, सगळं हातातल्या बॅगेत, छापील. सीमेवरच्या खिडकीत फोनची बॅटरी संपणं हा जागतिक नियम आहे. पासपोर्ट आकाराचे फोटो दहा-बारा न्या, पण मापं पाहून: पुष्कळ देशांत ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेत २ बाय २ इंच चौरस.

उंटावरचा_शहाणा

'पैसे होते, पण काचेच्या पलीकडे.' भवानीताई, कविता लिहा.

भटकभवानी

तेव्हा लिहिली होती. उधारीवर.

सीमेवरचा

बॅगेत काय नको तेही लिहितो. युरोपीय संघात बाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये खाण्याचं, बियांचं, लाकडाचं जे काही असेल ते उतरताना जाहीर करावंच लागतं, न करता सापडलं तर दंड. बुटाच्या तळव्याला चिकटलेली मातीही धरतात. मला विमानतळावर बूट धुवून दिले होते, फुकट. सिंगापूरला च्युइंग गम नेऊ नका, १९९२ पासून आणायला बंदी आहे.

शंका असेल तर जाहीर करा. फार तर काढून घेतात.

हिरवा_डबा

'तिथे विकत घ्या' म्हणणाऱ्यांशी थोडं भांडायचंय. दर सत्राच्या शेवटी हॉस्टेलच्या मागे किटल्या, उशा, दिवे, हँगर यांचा डोंगर असतो. सगळं पाच महिने वापरलेलं. पुढच्या आठवड्यात नवी मुलं येऊन तेच सगळं नवं विकत घेतात. त्याऐवजी निघण्याआधीच तिथल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये शिरा आणि कोण निघतंय ते विचारा. मला पांघरूण, दोन भांडी, टेबललॅम्प आणि सायकल असं सगळं एका जाणाऱ्या मुलीकडून मिळालं. जाताना मी पुढचीला दिलं. तो लॅम्प अजून तिथेच कुठेतरी फिरत असेल.

जुनी_जाणती

हे फार आवडलं. फक्त पांघरूण आधी धुवून घ्या.

मधली_सुट्टी

एक निरुपयोगी वस्तूही न्या, असं मी म्हणेन. मी पत्त्यांचा कॅट नेला होता. पहिले दोन आठवडे कुणाशी काय बोलावं कळत नव्हतं, सगळे सामाईक स्वयंपाकघरात आपापला फोन धरून उभे. एका पावसाच्या रात्री मी नुसते पत्ते पिसत बसले. तासाभरात पाच देशांची सहा माणसं एकाच डावाचे सहा वेगळे नियम सांगत भांडत होती. भाषा येत नसली तरी चोरून पत्ता बघणारा ओळखू येतो.

उंटावरचा_शहाणा

मी असतो तर बोललो नसतो, आधी उधारी मागितली असती.

वजनकाटा

पत्ते १०० ग्रॅमच्या आत बसतात. मंजूर.

आणि बॅग आलीच नाही तर? विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या खिडकीवर लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. बाहेर पडून मग फोन करू असं नको. १९९९ चा माँट्रियल करार लागू असेल तिथे बॅग फुटलेली मिळाली तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत कंपनीला लेखी कळवायचं. २१ दिवस झाले तरी आली नाही तर हरवली असं धरता येतं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं मोजमाप, त्याचा दर रोज बदलतो. बॅग बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा एक फोटो काढा, नंतर 'आत काय होतं' हे आठवत नाही.

खिडकीपाशी

२२.६ किलो! काट्यावर वजाबाकी करून. (दुसरा आकडा सांगणार नाही.) उद्या रात्री निघतेय. सगळ्यांचे आभार. पत्ते घेतले.

नेमका_प्रश्न

शुभ प्रवास. परत आल्यावर मूळ प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायला विसरू नका. धागाकर्ते नेहमी गायब होतात.

खिडकीपाशी

साडेपाच महिन्यांनी धागा वर काढतेय, नेमका_प्रश्न यांच्या धाकाने.

बॅग दोन दिवस उशिरा आली. पहिल्या रात्री चादर, टॉवेल, साबण सगळं हातातल्या बॅगेत होतं. आईला तसा फोटो पाठवला, तिने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. टॉयलेट पेपरचा रोलही लागला. आळशी_कासव, आता मला कळलं, आणि मीही सांगणार नाही.

पस्तावले ती वस्तू: नखं कापायचं नेलकटर. खरंच. एवढ्या चर्चेत कुणाच्याही ध्यानात आलं नाही. दुसरी म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे. ड्रायरमध्ये माझा एकुलता एक लोकरीचा थर बाहुलीच्या मापाचा झाला.

घडी न मोडता परत आणलं ते: एक चांगला ड्रेस, छत्री (वाऱ्यात उघडायची हिंमतच झाली नाही) आणि शिवणाची पेटी. दुसरा चष्मा लागला नाही, पण त्याची खंत नाही. कोट तिथेच घेतला, जाणाऱ्या मुलीकडून, आणि निघताना तिथेच ठेवून आले. लॅम्पसुद्धा.

येताना २३ किलोत परत बसायचं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या रात्री पुन्हा वजाबाकी, पुन्हा बॅग उघडून फरशीवर. पत्ते स्वयंपाकघराच्या खणात ठेवले. दोन पानं हरवली होती, त्यांच्या जागी बसची जुनी तिकिटं आहेत.

शॉर्ट_सर्किट

स्वागत! आता तरी सांगा, प्लग कोणता होता?

खिडकीपाशी

तीन चौकोनी पिना.

उंटावरचा_शहाणा

तीन चौकोनी पिना, आणि कोट विकत घ्यावा लागला. म्हणजे सिंगापूर, मलेशिया बाद. छत्री उघडता येईना इतका वारा. आलो मी जवळ. तिथलं घरभाडं काय होतं हो?